गळाची माशी आणि जुना शेगडा

ट्राउट मासा पकडण्यासाठी गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. हे काम चालू असताना गळ घट्ट धरून ठेवतो तो छोटा शेगडा. मुलांच्या हाती द्यायला जुना, साधा शेगडा बरा. फिरत्या जबड्यांचे महागडे प्रकार नवशिक्याला फक्त गोंधळात टाकतात.

अमेरिकेतल्या थॉम्पसन कंपनीचा 'मॉडेल ए' हा साध्या प्रकारातला नमुनेदार शेगडा. दांडा खाली दाबला की जबडे मागे नळीत ओढले जातात आणि मिटतात. भारतात त्याच्या स्वस्त नकलाही पुष्कळ बनल्या.

जुना शेगडा घेताना आधी जबड्यांची टोके पाहावीत. ती झिजलेली किंवा वाकडी असतील तर वरची चकाकी व्यर्थ. दहा नंबरचा गळ लावून दोरा जोरात ओढावा. गळ सरकला, तर तो शेगडा नको. वरवरचा गंज मात्र तेलाने निघतो. दांडा मुलाच्या बोटांनी दबायला हवा, आणि क्लॅम्प घरच्या टेबलाच्या जाडीला बसायला हवा. मुलाने काम करताना गळाचे टोक जबड्यात झाकलेले असावे. बोटेही वाचतात, दोराही तुटत नाही.