गोदाकाठी: एक देऊळ, एक जाते

परभणीहून परळीकडे निघालेली गाडी गंगाखेड येण्याआधी गोदावरीचा पूल ओलांडते. डब्यातले हात जोडले जातात, एखादे नाणे खिडकीबाहेर जाते. काठावरच्या माणसांच्या बोलण्यात ती ‘गंगा’च असते. गंगाखेड हे तिच्या दक्षिण तीरावरचे तालुक्याचे गाव, परभणीपासून सुमारे 40 किलोमीटरवर. घाटाने रमतगमत चालायला तासभर पुरतो. चढ नाही, वाट चुकायची भीती नाही. नदीची सोबत सोडायची नाही, एवढेच पथ्य.

भाविक गंगाखेडला दक्षिण काशी म्हणतात, ते घाटावर आले की पटते. पायऱ्यांवर एकीकडे स्नान चाललेले, दुसरीकडे दशक्रिया. गुरुजी सांगतील तसे मुंडण केलेला मुलगा पिंड मांडतो आणि मग सगळे घरदार कावळ्याची वाट बघत उभे राहते. कावळा शिवेना, की एखादा वडीलधारा पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतो: धाकट्याचे शिक्षण आम्ही बघू, शेत विकू देणार नाही. कोर्टकचेरीत न मिटलेले वाद या पायऱ्यांवर दोन वाक्यांत मिटल्यासारखे वाटतात. पुढे ते मिटलेले राहतात की नाही, हा भाग वेगळा.

याच गावात, परंपरेनुसार दमा आणि करुंड या वारकरी जोडप्याच्या पोटी, तेराव्या शतकात संत जनाबाईंचा जन्म झाला. लहानपणीच ती पंढरपुरात संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली आणि त्या कुटुंबातली एक झाली. दळण, कांडण, शेणगोठा, पाणी भरणे ही तिची कामे. तिच्या नावावरचे सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर आपल्यापर्यंत आले. संतचरित्रकार महिपतींनी 1762 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त तिच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल आहे. नामदेवांशी जोडलेले नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी 1 मे 1999 ला तो जिल्हा वेगळा होईपर्यंत धनी आणि दासी दोघांची गावे परभणीचीच होती.

घाटाजवळचे जनाबाईंचे मंदिर पाहताना तेराव्या शतकाचा दगड शोधू नये. घरकाम करणाऱ्या मुलीसाठी त्या काळी कोणी दगड घडवून घेत नव्हते. तिचे स्मारक बायकांच्या तोंडी राहिले. पहाटे जात्याचा खुंटा धरला, की पहिली ओवी तिची, असे घरोघरी चालत आले. आषाढीला तिची पालखी इथून पंढरपूरला निघते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही परभणीहून परळीकडे जाताना इथेच गोदावरी ओलांडते.

तेव्हाचा दगड पाहायचा तर तालुक्यातल्याच धारासूरला जावे. गोदाकाठच्या या गावातले गुप्तेश्वराचे देऊळ यादवकालीन. गावकरी त्याला हेमाडपंती म्हणतील. पण हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप (दरबारी दप्तराचा प्रमुख), तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचे नाव लागलेली कितीतरी देवळे त्याच्या आधीची आहेत. आज गाभारा शंकराचा असला, तरी बाहेरच्या विष्णुमूर्तींवरून देऊळ मूळचे विष्णूचे असावे, असे अभ्यासक मानतात.

भिंतीशी अगदी जवळ उभे राहावे. चुना नाही, काळा बसाल्ट घासून, खाचा पाडून एकावर एक बसवलेला. खालचा भाग दगडी, शिखर मात्र विटांचे. विटांमुळे उंची गाठूनही खालच्या भिंतींवरचा भार आटोक्यात राहतो. सांध्यात पाणी शिरले आणि झाडाचे मूळ रुजले, की हीच चुन्याविना केलेली बांधणी उकलू लागते. धारासूरच्या देवळाने ही पडझड पुष्कळ सोसली आहे.

भिंतीवरच्या सुरसुंदरी बघत फिरताना एक गोष्ट खटकते. दागिन्यांचा एकेक मणी, केसांची एकेक बट पाथरवटाने कोरली. पण दळणारी, शेण सारवणारी बाई भिंतीवर दिसत नाही. देऊळ बांधायला पैसा आणि सत्ता लागते, आणि जे दाखवायचे ते पैसा ठरवतो. जनाबाईंनी नेमके वगळलेले तेवढे सांगितले: जाते, उखळ, केर, गोवऱ्या. त्याच मोलमजुरीच्या जगातले पाथरवटही असणार, आणि अशा देवळांवर त्यांची नावे सहसा नसतात. ज्या जनीला भिंतीवर जागा नव्हती, तिची नाममुद्रा मात्र प्रत्येक अभंगाच्या शेवटी आहे.

या दोन गावांमधली नदीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाने वरचे पाणी धरले. पुढे ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे आले. वाहती गंगा बऱ्याच ठिकाणी साठलेल्या पाण्याची झाली, पण 2006 च्या ऑगस्टसारखा पूर आला, की काठ कोणाचा हे तीच ठरवते.

दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. दिवाळीनंतरचे दिवस बरे. मात्र आधी धारासूर करावे, मग गंगाखेड. सुरसुंदरींचे वैभव डोळ्यांत भरल्यावर घाटावर आलात, तर जनाबाईंच्या साध्या देवळात पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मनात येणारच. त्या प्रश्नाचे उत्तर तिच्या अभंगांत आहे. गाथा पिशवीत असू द्यावी.