तिसरे दशांशस्थळ

दूरचित्रवाणीवर कोठल्याशा परदेशी मैदानावरील स्त्रियांची शर्यत पाहत असताना, वाकून सज्ज होऊ लागलेल्या आठ धावपटूंच्या पाठीमागे आठ मुली प्रत्येकी एक टोपली पोटाशी धरून निश्चल उभ्या असलेल्या मला दिसल्या, आणि त्या शर्यतीचा निकाल केव्हाच विस्मरणात गेला, तरी त्या टोपल्या मात्र मनातून जाईनात. धावणारीने अंगावरचे उबदार कपडे उतरवून टोपलीत टाकावयाचे आणि मुलीने ती टोपली अंतिम रेषेपलीकडे पोहोचती करावयाची, एवढेच ते काम. पण ते करीत असताना पाठीमागे जी शर्यत धावली जाते, ती या मुलीला दिसत असेल का, हा प्रश्न मला सोडीना.

तो सोडवण्याची संधी २०१३ च्या जुलैत आपण होऊन चालून आली. आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा वस्तुतः चेन्नईस मुकर्रर झाली होती; परंतु श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागास तमिळनाडू सरकारने हरकत घेतली, आणि तीन ते सात जुलै या दिवसांसाठी तिचा सारा बंदोबस्त पुण्याला, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीकडे आला. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या नुकत्याच शहर सोडून पुढे गेल्या होत्या, आणि आभाळ भरून आलेले होते. शाळेतून व्यायामशिक्षक म्हणून निवृत्त झालेले माझे एक स्नेही तेथे पंचांच्या हाताखाली काम करीत होते. त्यांनी खटपट करून मला एक प्रवेशपत्र मिळवून दिले, आणि दोनशे मीटरच्या अंतिम शर्यतीच्या वेळी मी वळणाजवळच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो.

तेथे पहिल्याने जाणवला तो वास. ओलसर रबराचा, कापलेल्या गवताचा आणि त्या दोहोंवर तरंगणारा मलमाचा, निलगिरीच्या तेलाची आठवण करून देणारा, नाकात झोंबणारा तो वास आजही कोणी पाय चोळताना आला की मी क्षणभर बालेवाडीस जाऊन येतो.

दोनशे मीटरची शर्यत अर्ध्या वळशाची असल्यामुळे आठही जणी एका रेषेत उभ्या नसतात. बाहेरच्या लेनमधल्या मुलीला वळणावर पडणारे अधिक अंतर भरून देण्यासाठी पुढे उभे करतात, आणि हा फरक पहिल्या व आठव्या लेनमध्ये सुमारे साडेसव्वीस मीटरांचा होतो. म्हणून आठव्या लेनमधली सर्वांच्या पुढे दिसते, आणि तिला मात्र वळण संपेपर्यंत कोणीच दिसत नाही. स्टार्टिंग ब्लॉक प्रत्येकीने आपापल्या पावलांच्या मापाने लावून घेतले, एकदोनदा सुटून पाहिले. प्रत्येक ब्लॉकमागे एक ध्वनिक्षेपक ठेवलेला असतो, कारण बंदुकीचा आवाज जवळच्या मुलीला आधी आणि दूरच्या मुलीला नंतर पोहोचला तर तेवढ्यानेही अन्याय होतो. आवाजानंतर एक दशांश सेकंदाच्या आत जी हलली तिने आवाज ऐकून सुरुवात केलेली नाही, असे नियम धरून चालतो आणि तिला शर्यतीबाहेर काढतो. दुसरी संधी देण्याचा जुना शिरस्ता २०१० पासून बंद झालेला आहे.

माझे लक्ष मात्र जवळच्या लेनमागे उभ्या असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलीवर खिळले होते. समोरच्या धावपटूने जाकीट काढून टोपलीत अक्षरशः फेकले. तिचे लक्ष त्या जाकिटावर नव्हते, आणि असूही नये. त्या मुलीने टोपली गुडघ्यावर टेकवली, उलटी झालेली बाही आत हात घालून सुलटी केली, जाकिटाची घडी घातली, विजारीची घातली, आणि सर्वांत वर पाण्याची बाटली आडवी न पडेल अशी खोचून ठेवली. कोणी तिला हे करावयास सांगितले नव्हते. कपडे नेण्याचा हुकूम होता, घडीचा नव्हता. मग एका खुणेसरशी आठही मुली रांगेने निघाल्या आणि ट्रॅकच्या बाहेरच्या कडेने चालू लागल्या. तिला मी नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘शर्यत दिसत नाही काका, पण लोकांच्या ओरडण्यावरून कळतं.’

शर्यतीचे वर्णन मी काय करावे! ‘सेट’ म्हणताच आठ देह वर उचलले गेले आणि थिजले. एवढे मोठे मैदान त्या निमिषापुरते मुके झाले. आणि पुढे मला ज्या पाठमोऱ्या आकृती दिसल्या त्यांतील दोन आपल्या मुलींच्या होत्या. एक आशा रॉय, हुगळी जिल्ह्यातील भाजीविक्रेत्याची कन्या. दुसरी द्युती चंद, ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातील विणकराच्या घरची, अवघ्या सतरा वर्षांची आणि अंगाने इतकी लहानखुरी की उंच धावपटूंच्या मध्ये ती सरळ मार्गावर आल्यानंतरच मला सापडली. कझाकस्तानची व्हिक्टोरिया झ्याब्किना २३.६२ सेकंदांत पहिली आली, आशा २३.७१ मध्ये दुसरी, आणि द्युती तिसरी. तिची वेळ माझ्या स्नेह्यांनी संध्याकाळी चहा पिताना सांगितली, पुन्हा सांगितली, आणि उठताना तिसऱ्यांदा सांगितली: ‘तेवीस पॉइंट आठ एक एक.’

वेळ एरवी शतांशापर्यंत लिहितात. सहस्रांश उघडून पाहावयाचा तो शतांशाने निवाडा होत नाही तेव्हा. त्यासाठीच्या कॅमेऱ्याला मैदान दिसतच नाही. त्याला दिसते केवळ अंतिम रेषेची एक चिंचोळी फट, आणि त्या फटीचे तो सेकंदाला हजाराहून अधिक तुकडे टिपून एकापुढे एक जोडीत जातो. त्यामुळे त्या चित्रात डावीकडून उजवीकडे जे पसरलेले असते ते अंतर नसून काळ असतो, आणि पावले चमत्कारिक लांबलेली दिसतात. पंच त्यावर एक बारीक उभी रेघ सरकवीत नेतात व ती धडाला जेथे स्पर्श करील तेथे थांबवतात. डोके, मान, हात, पाय यांस हिशोबात जागा नाही. दोनशे मीटर २३.८११ सेकंदांत धावणारी मुलगी एका सहस्रांशात सुमारे आठ मिलिमीटर पुढे जाते. माझ्या स्नेह्यांनी करंगळीचे नख पुढे केले आणि म्हणाले, ‘एवढंच.’

त्यांच्या तरुणपणी ही सारी जबाबदारी माणसाच्या अंगठ्यावर असे. दोनशे मीटरच्या आरंभापासून शेवटच्या रेषेपर्यंत सरळ मोजले तरी शंभराहून अधिक मीटर भरतात आणि आवाजाला तेवढे येण्यास सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो. म्हणून घड्याळवाल्यांना पहिला धडा दिला जाई तो असा, की आवाज ऐकू नका, धुराकडे पाहा. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत याच दोनशे मीटरमध्ये मुंबईच्या मेरी डिसूझा यांना कांस्यपदक मिळाले, तो काळ घड्याळे हातात धरण्याचा. त्यानंतर बासष्ट वर्षांनी त्याच अंतराच्या कांस्यपदकासाठी नखाएवढा काळ निरखून पाहिला गेला, आणि कोणाची मुलगी, कोणत्या गावची, कोणत्या घरची, यांपैकी एकही प्रश्न त्या यंत्राने विचारला नाही, याचे मला त्या दिवशी फार समाधान वाटले होते.

म्हणूनच पुढच्या वर्षी जे घडले ते मला अजून सोसत नाही. २०१४ मध्ये, ग्लासगोच्या राष्ट्रकुल खेळांच्या तोंडावर, शरीरात निसर्गतःच असलेल्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण नियमाहून अधिक भरले म्हणून द्युतीला संघातून वगळण्यात आले. जिचे धड रेषेला केव्हा लागले एवढेच पाहावयाचे, तिच्या रक्ताचा दाखला मागितला गेला, आणि अठरा वर्षांच्या त्या मुलीच्या देहाची चर्चा गावोगाव झाली. ती लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियम दोन वर्षांसाठी स्थगित केला, आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत तिने शंभर व दोनशे मीटरची दोन रौप्यपदके मिळवली. २०२३ मध्ये निषिद्ध द्रव्यांच्या प्रकरणी तिच्यावर चार वर्षांची बंदी आली हेही खरे. परंतु जन्माने मिळालेले आणि बाहेरून घेतलेले यांची सरमिसळ करून पहिला अन्याय झाकणे मला मान्य नाही. कोणी ती करू लागले की मी २३.८११ हा आकडा त्यांच्यापुढे ठेवतो.

त्या संध्याकाळी शर्यत संपल्यावर गर्दी पदकविजेत्यांभोवती जमली, आणि मी टोपल्यांकडे गेलो. माझ्या पाहण्यातली मुलगी आपली टोपली खाली ठेवून उभी होती. तिची धावपटू पहिल्या तिघींत नव्हती. परदेशची होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि तिचे हात इतके थरथरत होते की जाकिटाची बाही सापडेना. तेव्हा मुलीने जाकीट तिच्या हातून घेतले, मागे जाऊन दोन्ही खांद्यांशी उघडे धरले, आणि एक हात नीट आत गेल्यावरच दुसरी बाही पुढे केली.