मोरचुदातले तांबे

विद्युत्-रसायनशास्त्र हे नाव ऐकले की आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठी पडते. काचेच्या नळ्या, उग्र वास आणि न वाचता येणारी सूत्रे एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु ह्या शास्त्राचा पहिला पाठ आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या मांडवाखाली गिरवला जात आला आहे, आणि तोही पुस्तकाशिवाय.

द्राक्षवेलीवर केवडा पडू नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्समधील बोर्दो येथे मिलार्दे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली ते प्रसिद्धीस आणले. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. चुना कमी पडला तर मोरचुदाचे तांबे मोकळे राहते आणि कोवळी पाने करपतात. म्हणजे कसर राहिली तर मोसमाचे नुकसान. मग चुना पुरेसा झाला हे ओळखायचे कसे? लोखंडाचा घासून लखलखीत केलेला विळा किंवा चाकू मिश्रणात थोडा वेळ धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना हवा. पाते तसेच राहिले तर मिश्रण तयार. गंज न चढणाऱ्या स्टीलचा चमचा ह्या कामी नको, कारण त्याच्या अंगावर मुळातच एक अदृश्य संरक्षक थर असतो.

हा तांबूस थर म्हणजे चक्क तांबे होय. मोरचूद पाण्यात विरघळले की तांब्याचे कण दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत हिंडत असतात. लोखंड आपले इलेक्ट्रॉन तुलनेने सहज सोडते. ते दोन इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः पाण्यात उतरते. तांबे ते दोन घेते आणि धातू होऊन पात्यावर बसते. चुना पुरेसा असला की तांबे न विरघळणाऱ्या संयुगात अडकते आणि ही देवघेव होत नाही. बोर्डो मिश्रण लोखंडी पिंपात का करू नये, त्याचे उत्तरही हेच.

इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण, आणि मिळवणे म्हणजे क्षपण. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून ह्या दोन क्रिया जोडीनेच होतात. आता कुणी विचारील, वरच्या प्रकारात ऑक्सिजन कुठे आला? कुठेच नाही. नाव जुन्या काळचे आहे. ‘तेल’ म्हणजे मुळात तिळाचे. तरी आपण शेंगदाण्याचे तेल म्हणतोच की! अर्थविस्तार केवळ भाषाशास्त्राच्या पेपरात होतो असे नाही.

विळ्यावरच्या ह्या देवघेवीचा आपल्याला उजेडासाठी काही उपयोग होत नाही, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांना चिकटून आहेत. त्यांना वेगळे करून मधे तार घातली, तर इलेक्ट्रॉनांना तारेतूनच जावे लागते. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच विजेचा प्रवाह! लंडनच्या किंग्ज कॉलेजातील डॅनियल ह्यांनी १८३६ मध्ये केलेला विद्युत्‌घट ह्याच तत्त्वावर चालतो. एका बाजूला जस्ताची कांडी जस्ताच्या क्षाराच्या पाण्यात, दुसऱ्या बाजूला तांबे मोरचुदाच्या पाण्यात, आणि मधे सच्छिद्र भिंत. ह्या भिंतीसाठी पुढे कच्च्या, म्हणजे रोगण न केलेल्या, मातीचे भांडे वापरात आले. पाणी गार करणाऱ्या आपल्या माठाचीच ही जात. भिंतीतून द्रावणे भरभर मिसळत नाहीत, पण विद्युत्‌भारित कण पाझरू शकतात; ते पाझरले नाहीत तर प्रवाह क्षणात थांबेल. जस्त झिजते, तांबे जाड होते, आणि सुमारे १.१ व्होल्ट दाब मिळतो. टॉर्चच्या साध्या सेलचे कवचही जस्ताचेच असते. जुना सेल फुटून चिघळतो तो हे कवच खाल्ले गेल्यामुळे.

इलेक्ट्रॉन सोडण्याच्या तयारीनुसार धातूंची रांग लावता येते: जस्त, लोखंड, कथील, तांबे, चांदी. ही रांग लक्षात ठेवली की स्वयंपाकघरातले पुष्कळ उलगडते. जस्त चढवलेल्या बादलीला ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. कथील चढवलेल्या पत्र्याच्या डब्याला ओरखडा पडला तर उलटे होते: लोखंडच पुढे सरून भराभर गंजते.

आता आपल्या तांबट आळीकडे वळू. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचे नाव जुने आहे. ह्या भांड्यांत ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. तांबे रांगेत इतके मागे की नुसत्या आंबटाला ते दाद देत नाही. पण हवेतील ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन ओढतो आणि आंबट पदार्थ सुटलेले तांबे आपल्यात विरघळवून घेतो. त्यानेच मळमळते, उलट्या होतात. म्हणून कल्हई. भांडे तापवून नवसागराने पुसले की तांब्यावरचा काळा थर निघून जातो, आणि वितळलेले कथील कापसाने फिरवून घट्ट बसवतात. झिजली की ती पुन्हा करावी लागते. गल्लोगल्ली फिरणारा कल्हईवाला आता क्वचित दिसतो. तांब्याच्या पाण्याच्या बाटल्यांची हौस मात्र वाढली आहे, आणि त्यांत बिनदिक्कत लिंबू पिळणारे सुशिक्षितही आहेत! आजीने त्यांना एका शब्दात थांबवले असते: कळकेल.

चिंचेने तांब्या लखलखतो, तेथे मात्र इलेक्ट्रॉनांची देवघेव नसते. काळ्या थरातील तांब्याने आपले इलेक्ट्रॉन आधीच गमावलेले असतात. चिंचेचे आम्ल तो थर फक्त विरघळवते, आणि तेवढे तांबे दर वेळी मोरीतून वाहून जाते.