मोटारीच्या गिअरबॉक्सचें तेल

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कात्रजचा घाट उतरून खेड-शिवापूर मागें टाकलें, कीं भोर तालुक्यांतील वरवे बुद्रुक लागतें. येथून पुण्याकडे परतणाऱ्या मोटारीला थोड्याच अंतरावर घाटाचा चढ चढावा लागतो. दक्षिणेकडे निघालेलीला शिरवळच्या पुढें खंबाटकी आडवी येते. आणि कापूरहोळाहून भोरमार्गें वरंध घाटानें कोकणांत उतरणाऱ्या गाडीची तर खरीच परीक्षा होते. अशा मुलखांत गाडी हांकणाऱ्याचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून फारसा हलत नाहीं. इंजिनाच्या तेलाची चौकशी घरांतील चारचौघें करतात. गिअरबॉक्समध्येंहि तेल असतें, ह्याची आठवण मात्र दांडा कुरकुरूं लागल्यावांचून सहसा कोणास होत नाहीं. मग दुकानीं जाऊन ‘नव्वद नंबर’ मागितलें जातें, आणि मिळेल तो डबा ओतला जातो.

हें तेल करतें तरी काय? गिअरबॉक्समधील दातेरी चाकें एकमेकांत नेहमींच गुंतलेलीं असतात. गिअर टाकणें म्हणजे त्यांपैकीं एका जोडीला दांडीशीं पक्कें बांधणें होय. परंतु बांधावयाचें चाक आणि दांडी ह्यांचे वेग त्या क्षणीं भिन्न असतात, आणि वेग जुळल्यावांचून बांधूं गेल्यास दात दातांवर आपटतात. पूर्वींचे चालक दोनदां क्लच दाबून व मध्यें इंजिनाला किंचित् वेग देऊन ही जुळणी कानानें करीत. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेश आला आणि तें कसब यंत्राकडे गेलें. त्यांत चाकाला लागून एक शंकू असतो व त्याच्यावर बहुधा पितळेचें एक कडें येऊन दाबतें. त्या घर्षणानें दोहोंचे वेग निमिषार्धांत सारखे होतात आणि गिअर निमूटपणें पडतो. कड्याच्या आंतल्या अंगाला बारीक खांचा असतात, त्या तेलाचा पापुद्रा फोडून बाजूला सारण्यासाठीं.

सारी अडचण येथेंच आहे. चाकांच्या दातांमध्यें तेलाचा पापुद्रा कितीहि दाबाखालीं टिकला पाहिजे. कडें आणि शंकू ह्यांच्यामध्यें तोच पापुद्रा क्षणांत हटला पाहिजे. एकाच तेलाकडून हीं दोन्ही कामें घ्यावयाचीं असतात. तेव्हां फार निसरडें तेल हें येथें उत्तम तेल नव्हे, आणि फार जाड तेल तर नव्हेच. जाड तेलानें खडखड तेवढी दबते. पण थंडींतल्या पहाटे गिअर जड पडतो, आणि सूक्ष्म फटींतून वंगण पोंचावयास उशीर लागतो. जुनी गाडी विकावयाच्या आधीं तिच्यांत मुद्दाम एकशेचाळीस नंबर भरून आवाज लपविणारे लोक आहेत, हें जुनी गाडी घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

नंबराविषयींहि एक गैरसमज दूर केला पाहिजे. गिअरच्या तेलाचे नंबर आणि इंजिनाच्या तेलाचे नंबर हीं दोन निरनिराळीं मापें आहेत. नव्वद नंबरचें गिअरचें तेल शंभर अंश उष्णतेला इंजिनाच्या चाळीस-पन्नास नंबरच्या तेलाइतकेंच दाट असतें. डब्यावर ‘७५ डब्ल्यू-९०’ असें लिहिलेलें असलें, तर पहिला आंकडा थंडींतल्या वाहतेपणाचा व दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा. ७५ ची कसोटी उणें ४० अंशांवर आणि ८० ची उणें २६ अंशांवर घेतात. तसली थंडी भोरच्या खोऱ्यांत कधींच पडत नाहीं. म्हणून थंडीपुरतें पाहिल्यास ८० डब्ल्यूनेंहि येथें काम भागतें. पण कित्येक नवीन गाड्यांचे गिअरबॉक्स ह्याहून पातळ तेलासाठीं घडविलेले असतात, आणि कांहींत तर निर्मात्यानें आपलें स्वतंत्र तेल नेमून दिलेलें असतें. तेथें दुकानदाराची शिफारस कामाची नाहीं. गाडीबरोबर आलेलें पुस्तकच पाहिलें पाहिजे.

नंबराहूनहि महत्त्वाचीं अक्षरें ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ हीं होत. दाटपणाशीं त्यांचा संबंध नाहीं. तीं तेलांत मिसळलेल्या औषधांची, मुख्यतः गंधक व स्फुरद ह्यांच्या संयुगांची, प्रत सांगतात. १९२६ सालीं पॅकार्ड मोटारींत हायपॉइड जातीचे दांते आले. ह्या दांत्यांत दाबाबरोबर घसरणहि फार असते, आणि साधें तेल त्यांच्यापुढें टिकत नाहीं. त्यांच्यासाठीं जीं तीव्र औषधें लागतात तीं जीएल-५ मध्यें असतात. जीएल-४ मध्यें त्यांचें प्रमाण सुमारें निम्मेंच. ज्यांचें इंजिन पुढें आणि चालना मागच्या चाकांना, अशा जीप व टेंपो गाड्यांच्या मागच्या डिफरन्शियलला जीएल-५ योग्यच होय. पण आडव्या इंजिनाच्या व पुढच्या चाकांना चालना असणाऱ्या लहान मोटारींत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटींत असून तेथें हायपॉइड दांते नसतात. अशा पेटींत ‘पांच म्हणजे चारापेक्षां वरचें’ असें समजून जीएल-५ ओतल्यास कड्याला पुरेसें घर्षण मिळत नाहीं, आणि तीव्र गंधक तापलेल्या पितळेला हळूहळू खाऊं लागतें. कांहीं डब्यांवर दोन्ही शिक्के असतात. पुस्तकाची अनुज्ञा असेल तरच ते घ्यावे.

ह्याचा परिणाम घाटांत दिसतो. खंबाटकी किंवा वरंध उतरतांना तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यावयाचें असतें, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतें. त्या वेळीं झिजलेल्या कड्यामुळें दुसरा पडलाच नाहीं, तर भरलेली गाडी मोकळी सुटते व सारा भार तापलेल्या ब्रेकांवर येतो.

तेल बदलतांना गाडी सपाट जागेवर, थोडी चालवून कोमट झालेली असावी. प्रथम भरावयाचा बोल्ट उघडतो कीं नाहीं तें पाहावें आणि मगच खालचा सोडावा; खालून तेल वाहून गेल्यावर वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाल्यास गाडी तेथेंच बसते. बहुतेक गाड्यांत भरण्याच्या भोंकाच्या खालच्या कडेशीं तेल आलें, कीं पुरे. लहान मोटारीला साधारण दोन लिटर लागतें. पावसाळ्यांत ओढ्याच्या पाण्यांतून गाडी काढली असेल, तर मुदतीची वाट पाहूं नये. निघालेलें तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे. बोल्टाला लोहचुंबक असल्यास त्यावर काळसर मऊ लेप बसणें स्वाभाविक. टोंचणारे कपचे मात्र दातांचे असतात. चुंबक पितळ ओढीत नाहीं, म्हणून तेल उन्हांत धरून पाहावें. त्यांत सोनेरी चकाकी असेल, तर ती कड्यांची झीज होय, आणि ती कोणत्याहि नव्या तेलानें भरून निघत नाहीं.