वजनावर लोंबणारं, ताणावर बसणारं

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बसनं निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं आणि मिठागरं मागं पडतात आणि डोंगरी येतं. डोंगरीत बेथलेहेम माउलीचं चर्च, शेतं, वाड्या. पुढं उत्तन, पाली, चौकला डोलीची जाळी आणि वलांड्यांवर वाळणारे बोंबील. मे महिन्यात इथली हवा अंगाला चिकटते. वारा असतो, पण तोही ओला. अशा हवेत राबणाऱ्या माणसांनी कमरेला काय गुंडाळावं, हे या किनाऱ्यानं फार पूर्वीच ठरवून टाकलं: चौकड्याचं सुती कापड.

चौकड्याचंच कापड कमरेला गुंडाळणारे दुसरे लोक स्कॉटलंडचे. त्यांचा किल्ट आपल्याला दिसतो तो शाळांच्या किंवा पोलिसांच्या पाइप बँडमध्ये, नाहीतर एडिनबरा-ग्लासगोकडे राहणाऱ्या नातेवाइकांच्या लग्नाच्या फोटोत. उद्या त्या नातेवाइकांपैकी एखाद्याला गावच्या मांडवात, भर मे महिन्यात, किल्ट घालून उभं राहायचं असेल तर त्यानं कापड कोणतं घ्यावं? माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं निम्मं उत्तर उत्तन-डोंगरीच्या लुगड्यात आहे. मात्र त्यासाठी दोन्ही वस्त्रं अंगावर टिकतात कशी, ते आधी नीट पाहायला हवं.

पूर्ण मापाच्या किल्टला आठ वार कापड लागतं. हल्ली दुप्पट पन्ह्याचं चार वार घेऊन, ते मधून कापून, जोडून आठ वार करतात. पुढचा भाग सपाट, आणि मागं एकावर एक बसवलेल्या चुण्यांचा जाड थर. कापडाचं वजन या दुप्पट पन्ह्याच्या वारामागे औंसात सांगतात. १६ औंसाचं ते भारी, १३ औंसाचं मधलं, १० किंवा ११ औंसाचं हलकं. १६ औंस म्हणजे वाराला सुमारे ४५० ग्रॅम. चार वारांचे पावणेदोन किलोंहून अधिक झाले. ११ औंसाचं घेतलं तर सव्वा किलो. आकड्यांवरून वाटतं, हलकं घ्यावं आणि मोकळं व्हावं. अडचण अशी, की किल्ट वजनावर लोंबतो. चुण्यांना कमरेपासून नितंबापर्यंतच टाके असतात. खाली त्या सुट्या. त्यांना सरळ ठेवतं ते कापडाचं स्वतःचं वजन आणि लोकरीची इस्त्री धरून ठेवण्याची ताकद. कापड हलकं केलं की चुण्या वाऱ्यानं उडतात, बसून उठल्यावर चुरगळतात, चालताना येणारा डौल जातो. आणि उत्तनच्या बंदरावर वारा काही कमी नसतो.

लुगड्याची तऱ्हा वेगळी. या भागातल्या ख्रिस्ती बायकांचं पारंपरिक लुगडं सुती, लालसर चौकड्याचं, नऊवारी. (१८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुंबई-साष्टी-वसईच्या या समाजानं ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, लुगडं त्याच्याही कितीतरी आधीचं.) किल्टपेक्षा एक वार जास्तच कापड, तरी बारीक सुताचं नऊवारी किलोभराच्या आत बसतं. एखादी आजी ते नेसताना पाहावं. एक टोक कमरेभोवती घेऊन घट्ट गाठ मारली जाते. ती गाठ म्हणजे सगळ्याचा पाया. मग पुढं निऱ्या पडतात, त्या चिमटीत धरून खोचल्या जातात. खालचा काठ दोन पायांमधून मागं जातो, हातानं ओढून ताणला जातो आणि पाठीशी कमरेत खोचला जातो. ओढताना ती जरा वाकते, पाय फाकवते, पुन्हा एकदा आवळते. त्या एका ओढीत मांड्यांवरचं कापड तटतटीत बसतं आणि पोटरीच्या वर येऊन थांबतं. चिखलात उतरा, टोपली डोक्यावर घ्या, उकिडवं बसा. लुगडं हलत नाही.

म्हणजे लुगडं ताणावर बसतं. त्याला जड असण्याची गरजच नाही, म्हणून ते पातळ असू शकलं. आणि खालचा काठ मागं खोचलेला असल्यानं वाऱ्याला धरायला मोकळा घोळ उरत नाही. उष्ण, दमट, वाऱ्याच्या जागेसाठी याहून शहाणी रचना मला तरी माहीत नाही.

कोळी पुरुषांचा सुरका तर त्याच्याही पुढं गेलेला. एक चौकोनी रुमाल, बहुधा चौकड्याचाच, करगोट्याच्या आधारानं कमरेला असा बांधायचा की पुढं त्रिकोण सुटतो आणि मांड्या मोकळ्या राहतात. होडीतून पाण्यात आणि पाण्यातून होडीत जाणाऱ्या माणसाला भिजून जड होणारं कापड परवडत नाही. आता कामावर हाफ पँटच दिसते. सुरका सणावारी आणि कोळीनाचाच्या वेशात उरला आहे. मला याचं वाईट वाटतं, कारण नाचातला सुरका बऱ्याचदा चकचकीत सॅटीनचा असतो, आणि त्या कापडात मूळ वस्त्राची सगळी अक्कल नाहीशी होते.

ही अक्कल धाग्यात आहे. साधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतं, लोकर सोळाच्या आसपास, व्हिस्कोस अकरा ते तेरा, आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. थंडीत लोकरीचा हा गुण वरदान: आतला ओलावा ती पोटात घेते आणि अंगाला ओलं लागू देत नाही. पण चुण्यांच्या थरावर थर असले आणि बाहेरची हवाही ओली असली, तर तो ओलावा जाणार कुठं? स्वस्त किल्ट पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या मिश्रणाचे मिळतात. ते घरी धुता येतात, चुण्याही बऱ्या धरतात, पण घामाच्या दिवसात पॉलिएस्टर कातडीला चिकटतं. भर उन्हाळ्यासाठी मी ते सुचवणार नाही.

विणीचाही हिशेब आहे. टार्टन तिरकस विणीचं असतं: आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून आणि पुढच्या दोन धाग्यांखालून जातो, दर ओळीला एक धागा सरकतो. कापड उजेडात धरलं तर दोन रंग जिथं भेटतात तिथं बारीक तिरप्या रेघा दिसतात. ही वीण दाट, लवचीक, घडीला छान. लुगड्या-लुंगीच्या चौकड्याची वीण साधी, एक वर एक खाली. तिथं दोन रंगांचे ठिपके दिसतात आणि धाग्यांमधून उजेड येतो. जिथून उजेड येतो तिथून वाराही येतो.

आपल्याकडे चौकडी स्कॉटिश पलटणींमुळे आली, असं कधीकधी ऐकायला मिळतं. हायलँडर इथं आले हे खरं. १८०३च्या असईच्या लढाईत त्यांच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या पलटणी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूनं लढल्या. पण उभ्या-आडव्या धाग्यांत दोन रंग घातले की चौकडी होतेच, ती शिकवायला पलटण लागत नाही. मद्रासच्या चौकड्याच्या रुमालांचा व्यापार तर पश्चिम आफ्रिकेपर्यंत पोचलेला होता.

त्या मद्रास चौकड्याची एक हकिगत मुंबईशी जोडलेली आहे. पुढं लीला हॉटेलं काढणारे कॅप्टन कृष्णन नायर तेव्हा कापडाच्या धंद्यात होते. १९५८ साली विल्यम जेकबसन नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्यानं त्यांच्याकडून हातमागाचं मद्रास कापड घेतलं. हे थंड पाण्यात, वेगळं धुवा, ही सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचलीच नाही. ब्रूक्स ब्रदर्सच्या दुकानातून गेलेल्या कपड्यांचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला आणि तक्रारींचा पाऊस पडला. अखेर ‘सेव्हन्टीन’ मासिकातून रंग उतरणं हाच त्या कापडाचा गुण म्हणून मांडला गेला, आणि मागणी उसळली. किल्ट शिवणाऱ्यानं मात्र रंग पक्का आहे ना, हे आधी पाहावं. ओला पांढरा रुमाल कापडावर घासला की कळतं. पांढऱ्या सदऱ्याखाली घामानं रंग सुटला तर लग्नाच्या फोटोंत तोच दिसेल.

मग घ्यावं काय? लोकरच हवी असेल तर १० औंसाच्या आसपासची, पीळदार सुताची, साध्या विणीची. सुती हवं असेल तर लुंगीच्या पोताचं नको. दुपारच्या जेवणाआधीच चुण्या मोडतील. मंगलदास मार्केटात फिरून तिरकस विणीचं ड्रिल किंवा घट्ट, चौकड्याचं सुती शोधावं. लिनन ओलावा छान शोषतं, पण त्याच्या सुरकुत्या लपत नाहीत. ज्याला त्या चालतात त्यानं खुशाल घ्यावं.

आणि खरा फरक पडतो तो शिवणीत. आठ वारांचा हट्ट सोडून चार-पाच वारांत, रुंद पेटीच्या चुण्या घालाव्यात. मागचा थर तिथंच निम्म्यावर येतो. कापडाला वजन नाही, तर ते काम टाक्यांकडून करून घ्यावं: चुण्यांचे टाके नेहमीपेक्षा चार बोटं खाली न्यावेत. लुगड्यात जे ओढून-खोचून साधतं, ते इथं सुईनं साधायचं. शिंप्याला समजावताना अडचण आली तर गोराईच्या पलीकडे मनोरीत ईस्ट इंडियन समाजाचं संग्रहालय आहे; तिथं जुनी लुगडी पाहायला मिळतात. शिंप्याला सोबत न्यावं आणि कापडाआधी काठ आणि निऱ्या दाखवाव्यात.