चढाची भीती कशाला?

फ्रान्समध्ये निवांत सायकल चालवायची तर नदीकाठचा सपाट मार्गच बरा, असं अनेकांना वाटतं. माझ्या मते मासिफ सांत्रालचा डोंगराळ प्रदेश त्याहून सरस आहे. तिथल्या लोझेर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला जेमतेम 15 माणसं राहतात, तरी गावोगाव डांबरी रस्ता पोचलेला आहे. नकाशात ‘डी’ अक्षराने दाखवलेल्या जिल्हा रस्त्यांपैकी मोजके मोठे सोडले, तर बाकीच्यांवर वाहनं तुरळक. शिवाय गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडावं, असा कायदाच आहे.

चढ झेपेल का, ही शंका रास्त आहे. पण सेंट-एतिएनचे पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ (1853–1930) यांनी गिअर बदलण्याच्या सोयीचा हिरिरीने पुरस्कार केला, तो अशाच चढांसाठी. तूर द फ्रान्सने स्पर्धकांना ती सोय 1937 साली दिली. हौशी प्रवाशांनी ती केव्हाच आपलीशी केली होती. अनेक घाटांत रस्त्याकडेच्या दगडांवर खिंड किती लांब आहे आणि पुढच्या किलोमीटरचा चढ किती टक्के आहे, हे लिहिलेलं असतं. त्यामुळे दम राखून चढता येतं. खरी अडचण वेगळीच आहे. लहान गावांतली दुकानं दुपारी, आणि बऱ्याचदा सोमवारीही, बंद असतात. तेव्हा पाव आणि पाणी सकाळीच घेऊन निघा.