सांध्यांचं दुखणं, भाग 4: आईला होतं, म्हणून मला?

मागच्या भागात आपण वयानुसार होणारी सांध्यांची झीज पाहिली. आजचा आजार वयाची वाट पाहत नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवात ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक.

जालना जिल्ह्यात कापूस वेचणी म्हणजे सगळं बोटांचं काम. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, पेरं सुजलेली, ऊन चढल्याशिवाय हात मोकळा होत नाही, असं एखादी बाई सांगते तेव्हा घरात उत्तर तयार असतं: ‘तुझ्या आईलाही वातच होता.’ यातला वारशाचा भाग खरा आहे. ‘म्हणून आता इलाज नाही’ हा त्याला जोडून येणारा समज मात्र हात कायमचे वाकडे करतो.

आधी वारसा. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए-डीआरबी1 नावाचं जनुक आहे. त्यापासून बनणारा रेणू प्रथिनांचे तुकडे धरून रोगप्रतिकारक पेशींना दाखवतो आणि त्या आपलं-परकं ठरवतात. या जनुकाच्या काही प्रकारांत पाच अमिनो आम्लांचा एक ठरावीक क्रम सारखा आढळतो आणि तो असला की या संधिवाताचा धोका वाढतो, हे पीटर ग्रेगर्सन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडलं. धोका वाढतो, एवढंच. एकसारख्या जुळ्यांत एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण साधारण 15 टक्क्यांच्या आसपासच आहे. जनुकं तीच असूनही बहुतेक जुळी भावंडं सुटतात.

मग ठिणगी कुठून पडते? सर्वांत भक्कम पुरावा धूम्रपानाविरुद्ध आहे. धुरामुळे फुप्फुसांतल्या प्रथिनांची घडण किंचित बदलते: आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन होतं. ज्यांच्याकडे तो वारसा आहे त्यांचे रेणू हे बदललेले तुकडे घट्ट पकडतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. हिरड्यांच्या जुनाट संसर्गावरही असाच संशय आहे. ही प्रतिपिंडं सांधा दुखण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. अँटी-सीसीपी चाचणी त्यांचाच शोध घेते. पुढे सांध्याचं अस्तर सुजतं, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 ही रसायनं दाह पेटता ठेवतात, सुजलेलं अस्तर कूर्चा आणि हाड कुरतडतं. मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी 1990 च्या दशकात लंडनमध्ये टीएनएफ रोखून रुग्णांना आराम पडतो हे दाखवलं. आजची महागडी जैविक औषधं त्यातूनच आली.

हा आजार खेड्यात नसतो असं कुणी समजू नये. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली, तेव्हा प्रौढांत सुमारे अर्धा टक्का लोकांना तो आढळला. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती. तोच हिशेब इथे लावला तर रुग्ण काही हजार भरतात.

त्यांतल्या बहुतेकांना महागडं औषध लागत नाही. मेथोट्रेक्सेट ही स्वस्त गोळी सुरुवातीच्या महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाचू शकतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. गरोदरपणात ती अजिबात चालत नाही. आणि ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहा. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. वेदना दबते, पण हाडं ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

हाताच्या सांध्यांची सूज आणि सकाळचा अर्धा-पाऊण तासाचा ताठरपणा सहा आठवडे टिकला, तर वेचणी संपायची वाट पाहू नका. जालन्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जा, आणि आईला हा आजार होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.